अत्याचार सांगण्यासाठी हक्काची जागा : पुदुक्कोट्टईच्या स्त्रियांच्या जमातीचा अनुभव

भारतात शारीरिक किंवा लैंगिक हिंसाचार सोसलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सत्याहत्तर जणींनी त्याबाबत कोणाकडे मदत मागितली नाही आणि कोणापाशी वाच्यताही केली नाही, असे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसून आले. मदत मागणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १४ टक्के होते आणि त्यांतही सर्वाधिक जणींनी स्वतःच्या कुटुंबीयांकडेच धाव घेतली होती. पोलीस, वकील, डॉक्टर किंवा सामाजिक संस्था यांच्यापर्यंत पोचलेल्या स्त्रिया फारच थोड्या. पतीकडून हिंसाचार सोसावा लागल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण देशात २९.३ टक्के, महाराष्ट्रात २५.२ टक्के, तर तमिळनाडूत ३८.१ टक्के नोंदले गेले.

या आकड्यांच्या मागे एक दंडक आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. हिंसाचाराविषयीचे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला विचारायचे, तेही पूर्ण एकांतात. एकांत मिळाला नाही तर विचारायचेच नाहीत, असा नियम सर्वेक्षण करणाऱ्यांना घालून दिलेला असतो. म्हणजे कोणालाही काही न सांगितलेल्या त्या सत्याहत्तर जणी त्या अर्ध्या तासापुरत्या का होईना, बोलल्या. स्त्रिया बोलत नाहीत, हे विधान म्हणूनच अपुरे आहे. कोणासमोर, कोणत्या ठिकाणी आणि पुढे काय होण्याच्या भरवशावर बोलायचे, हा खरा प्रश्न आहे. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई या लहानशा जिल्ह्यात काही मुस्लिम स्त्रियांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर देशभर चर्चिले गेले. महाराष्ट्राच्या अनुभवाशी त्याचे नाते जवळचे आहे.

गावात ऐकणारे कोण?

कुंभकोणमजवळचे तिरुनीलक्कुडी हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेकडो देवालय-ग्रामांपैकी एक. नीलकंठेश्वराचे प्राचीन मंदिर, भोवती भातशेती, असे या भागातील गावांचे सर्वसाधारण रूप. अशा गावात माणसे एकत्र जमण्याच्या जागा कमी नाहीत. मंदिराचा मंडप आहे, चहाचे दुकान आहे, पंचायतीचे कार्यालय आहे, सावलीतला पार आहे. भांडणतंटे मिटवण्याची जुनी रीतही आहे. वडीलधारे पुरुष बसतात, दोन्ही बाजू ऐकतात, निवाडा देतात. मात्र या बैठकीत स्त्रीची बाजू बहुधा तिचा बाप, भाऊ किंवा मामा मांडतो. ती स्वतः असलीच तर कडेला उभी असते. ज्याच्याविषयी तक्रार आहे तो आणि निवाडा देणारे एकाच चहाच्या दुकानात बसणारे असतात.

पाणवठा, शेतातील लावणीचे काम, रोजगार हमीच्या कामावरची दुपारची विश्रांती, बचत गटाची बैठक या स्त्रियांच्या स्वतःच्या जागा. तेथे बोलणे होते, नाही असे नाही. तमिळनाडूत १९८९ मध्ये धर्मपुरी जिल्ह्यात स्त्रियांच्या बचत गटांची सरकारी योजना सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. परंतु बचत गटातील सभासद शेजारणी असतात, जावा-नणंदा असतात आणि मुख्य म्हणजे परस्परांच्या कर्जाला बांधलेल्या असतात. ज्या बैठकीत हप्ता चुकल्याचा जाब द्यायचा, त्याच बैठकीत रात्रीच्या मारहाणीविषयी बोलायचे, हे सोपे नाही. सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सासूच्या कानी जाईल, ही भीती निराधार नसते.

तंजावरचा हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. भोसले राजांनी येथे बांधलेली अन्नछत्रे प्रसिद्ध आहेत. राजे सर्फोजी यांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांत गरोदर वाटसरू स्त्रियांची कशी काळजी घेतली जाते, त्यांना बाळंतपणानंतरही काही काळ कसे राहू दिले जाते, याचे वर्णन आहे. निराधार स्त्रीला आसरा देण्याची परंपरा येथे जुनी आहे. पण आसरा देणे वेगळे आणि म्हणणे ऐकून घेणे वेगळे. छत्रात आलेल्या स्त्रीला कोणी काही विचारीत नसे, हा तिचा दिलासा होता. तिला काही सांगायचे असेल तर ऐकणारेही कोणी नव्हते.

जमात आणि मशीद

तमिळनाडूतील मुस्लिम समाजात ‘जमात’ या शब्दाला एक विशिष्ट अर्थ आहे. स्थानिक मशिदीशी जोडलेली, समाजातील पुरुषांची पंचसभा म्हणजे जमात. विवाहाची नोंद तिच्या वहीत होते, तलाकाची बाब तिच्यापुढे येते, दफनभूमी तिच्या ताब्यात असते. सोयरीक परगावी जुळवायची असेल तर तिचे पत्र लागते. साहजिकच तिचा शब्द मोडणे कुटुंबाला परवडत नाही. ही जमात भरते मशिदीत, आणि तेथील बहुतेक मशिदींत स्त्रियांना प्रवेश नसतो. परिणामी पतीने टाकलेल्या, मारहाण झालेल्या किंवा हुंड्यासाठी छळल्या गेलेल्या स्त्रीचा निवाडा तिच्या अनुपस्थितीत होई. तिचे म्हणणे कोणी तरी पुरुष नातेवाईक सांगे. पतीच्या तोंडून तलाक झाल्याचे तिला कधी कधी जमातीच्या पत्रावरूनच कळे.

मराठी वाचकाने येथे जातपंचायतींची आठवण करावी. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा संमत करावा लागला, त्यामागे अशाच पंचसभांचे निवाडे होते आणि त्यांचा सर्वाधिक जाच स्त्रियांना होता. धर्म वेगळा, प्रांत वेगळा; बैठकीची रचना मात्र सारखीच.

या रचनेला पुदुक्कोट्टईत आव्हान दिले दाऊद शरीफा खानम यांनी. त्यांच्या कार्याचा आरंभ एका परिषदेशी जोडला जातो. १९८८ मध्ये पाटणा येथे देशभरातील स्त्रीसंघटनांची राष्ट्रीय परिषद भरली होती. अलीगढ येथे शिक्षण झाल्यामुळे शरीफा यांना हिंदी अवगत होती, आणि तमिळनाडूतून गेलेल्या स्त्रियांसाठी दुभाषी म्हणून त्या तेथे गेल्या. दुभाष्याचे काम करणाऱ्याला ठाऊक असते की दुसऱ्याचे वाक्य आपल्या भाषेत उच्चारताना ते क्षणभर आपलेच होते. बिहारमधील किंवा महाराष्ट्रातील स्त्रीने सांगितलेला मारहाणीचा अनुभव तमिळमध्ये सांगताना, हे आपल्या घरात, आपल्या गल्लीतही घडते आणि त्याला नाव आहे, हे त्यांच्या ध्यानात येणे स्वाभाविक होते. परतल्यावर त्यांनी पुदुक्कोट्टईत ‘स्टेप्स’ ही संस्था उभारली. आरंभी तेथे सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या स्त्रिया येत.

पुदुक्कोट्टईची भूमीही यासाठी अगदीच नापीक नव्हती. देवदासी प्रथेविरुद्ध मद्रास विधान परिषदेत लढणाऱ्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचा जन्म येथलाच, १८८६ चा. १९३० मध्ये देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या काही मुली मद्रासमध्ये त्यांच्या दाराशी आल्या. कोणतेही वसतिगृह या मुलींना घेईना, तेव्हा डॉ. रेड्डी यांनी आपल्याच घरात त्यांना ठेवून घेतले. त्यातूनच ‘अव्वै इल्लम’ ही संस्था उभी राहिली. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी पुदुक्कोट्टईत साक्षरता मोहीम चालली, तेव्हा जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. सत्तर हजारांहून अधिक स्त्रियांनी सार्वजनिक प्रदर्शनांत आणि स्पर्धांत सायकल चालवून दाखवली, असे पत्रकार पी. साईनाथ यांनी नमूद केले आहे. सायकलीचा अत्याचाराच्या तक्रारीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. गावापासून दूर, ओळखीच्या नजरांपलीकडे असलेल्या ठिकाणी कोणाला सोबत न घेता जाता येणे, ही बोलण्याची पहिली अट असते.

स्त्रियांची स्वतःची जमात

‘स्टेप्स’कडे येणाऱ्या मुस्लिम स्त्रियांची तक्रार पोलीस ठाण्यात गेली की तेथून ती पुन्हा जमातीकडे पाठवली जाई. हा तुमच्या समाजाचा अंतर्गत मामला आहे, असे सांगितले जाई. अशा रीतीने स्त्री फिरून त्याच बंद दाराशी येत असे. या अनुभवातून २००४ च्या सुमारास स्त्रियांची स्वतंत्र जमात स्थापन झाली. ‘जमात’ हेच नाव घेण्यामागे विचार होता. आणखी एक महिला मंडळ काढले असते तर कोणी हरकत घेतली नसती, पण त्याच्या पत्राला कोणी किंमतही दिली नसती. निवाडा करणाऱ्या सभेचेच नाव घेतल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड झाले.

या जमातीच्या बैठकीत स्त्री स्वतः उभी राहून आपली हकीगत सांगते, हाच सर्वांत मोठा फरक होता. ऐकणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येक जणी स्वतः तशाच प्रसंगातून गेलेल्या. तक्रार ऐकायची, कागदपत्रे तपासायची, दुसऱ्या बाजूला बोलावणे धाडायचे, स्थानिक जमातीला पत्र लिहायचे, गरज पडल्यास पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात सोबत जायचे, अशी कामाची रीत. लग्नात दिलेले दागिने आणि रक्कम परत मिळवणे, मुलांचा खर्च ठरवून घेणे, एकतर्फी तलाकाला हरकत घेणे या नित्याच्या बाबी. संशयास्पद मृत्यूंची प्रकरणेही आली. दीपा धनराज यांनी या जमातीवर २०११ मध्ये ‘इन्व्होकिंग जस्टिस’ हा माहितीपट काढला. त्याच्या परिचयात जमातीचा विस्तार १२ जिल्ह्यांत, सभासद १२,००० आणि निकाली काढलेली प्रकरणे ८,००० हून अधिक असल्याचे म्हटले आहे.

माहितीपट पाहताना जाणवते ती बैठकीची गजबज. सुरक्षित जागा म्हटले की शांत खोली, हळू आवाज, समोर कागद घेऊन बसलेली समुपदेशक असे चित्र डोळ्यांपुढे येते. येथे तसे नाही. स्त्रिया मोठ्याने बोलतात, मधेच प्रश्न विचारतात, एकमेकींचे म्हणणे खोडून काढतात, रडणारीला पाणी देतात आणि पुन्हा तारखा, रकमा, साक्षीदार यांच्याकडे वळतात. सांगणारी केवळ दुःख उगाळण्यासाठी आलेली नाही, ती हिशेब मागायला आली आहे, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. सहानुभूतीपेक्षा या गृहीतकानेच तिला बळ मिळते, असे म्हणावेसे वाटते.

शरीफा खानम यांनी याहून पुढचे पाऊल टाकले, ते स्त्रियांसाठी मशीद बांधण्याचे. त्यांचा युक्तिवाद साधा होता. जमात मशिदीत भरते. आमची मशीद नसेल तर आमची जमात कायम भाड्याच्या खोलीत राहील आणि तिचा निर्णय कमी दर्जाचा मानला जाईल. पुदुक्कोट्टईजवळ जागा निवडून कामाला आरंभही झाला. त्यावर देशात आणि परदेशांतही बरीच चर्चा झाली, धार्मिक नेत्यांकडून तीव्र विरोध झाला, धमक्या आल्या. प्रार्थनेच्या हक्काचा वाद म्हणून या प्रसंगाकडे पाहिले गेले, परंतु त्याचे मूळ जागेच्या प्रश्नात होते.

आक्षेप केवळ सनातन्यांचे नव्हते. स्त्री असो वा पुरुष, धर्माच्या नावाने चालणाऱ्या सभेने कौटुंबिक हिंसाचाराचा निवाडा करावाच का, असे अनेक स्त्रीवादी कार्यकर्त्यांनीही विचारले. आक्षेपात तथ्य आहे. अशा सभेच्या निर्णयाला कायद्याचे बळ नसते. धार्मिक मंडळांचे निर्णय आणि फतवे कोणावरही बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने विश्व लोचन मदन खटल्यात जुलै २०१४ मध्ये स्पष्ट केले. तलाकबाबत काझीने दिलेला दाखला हे केवळ मत होय, असे मद्रास उच्च न्यायालयाने माजी आमदार आणि वकील बदर सईद यांच्या याचिकेवर जानेवारी २०१७ मध्ये म्हटले. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये एका दमात उच्चारलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला आणि २०१९ मध्ये तो गुन्हा ठरला. कायदा बदलला. तरीही कायद्याची वाट चालायला निघण्यापूर्वी आपले म्हणणे प्रथम एकदा, मोडतोड न होता, पूर्ण सांगता येईल अशी जागा लागते. स्त्रियांच्या जमातीचे मोल निवाड्यांपेक्षा या पहिल्या सांगण्यात अधिक होते, असे आमचे मत आहे.

महाराष्ट्रातील वाटा

मुस्लिम स्त्रियांनी आपली हकीगत चारचौघांत मांडण्याची सुरुवात महाराष्ट्राने त्याआधीच पाहिली होती. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध त्यांचे निवेदन होते. सात ही संख्या लहान वाटेल, पण त्या काळी ती जमवणे किती कठीण होते याची कल्पना त्या संख्येवरूनच येते. दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि तलाकपीडित स्त्रियांना एकत्र आणण्याचे काम मंडळाने पुढे चालवले. पुदुक्कोट्टईच्या धर्तीवर स्त्रियांनीच चालवलेली शरीयत अदालत २०१३ मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने मुंबईत सुरू केली.

त्याही पूर्वी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, अशा अर्थाच्या जाहिराती लावण्यात आल्या. नाव न विचारण्याचे आश्वासन हेच त्या गृहाचे संरक्षक छत्र होते.

आधुनिक काळात मात्र बोलण्याच्या जागेची निकड महाराष्ट्राला एका मृत्यूने जाणवून दिली. जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा विषप्रयोगाने मृत्यू झाला. सासरी आपण कशा मनःस्थितीत आहोत, याविषयी तिने आपल्या बहिणीला आणि एका मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. तीच पत्रे खटल्यात महत्त्वाचा पुरावा ठरली. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने पतीला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी त्याला निर्दोष मुक्त केले. आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असे त्या निकालात म्हटले होते. परिस्थितीजन्य पुराव्यासंबंधीची या निकालातील पाच तत्त्वे आजही न्यायालयांत उद्धृत होतात. न्यायाच्या दृष्टीने निकालाचे महत्त्व मोठे आहेच. पण स्त्रियांच्या दृष्टीने त्या खटल्यातून दुसरेही काही पुढे आले. एका तरुण स्त्रीला जे सांगायचे होते ते तिने पत्रांतून सांगितले, आणि त्याच पत्रांचा अर्थ वेगवेगळ्या न्यायालयांत वेगवेगळा लागला. तिला तो विचारायला ती हयात नव्हती.

त्या वर्षी विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात नारी समता मंचाची स्थापना केली आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन महाराष्ट्रात गावोगावी नेले. ‘मी एक’ या दोन शब्दांनी काम केले. ही दुसऱ्या कोणाची कथा नाही, अशी ओळख पटून प्रदर्शनाला येणाऱ्या स्त्रिया स्वतःविषयी सांगू लागल्या. मंचाच्या ‘बोलते व्हा’ या केंद्राने याच बोलण्याला नियमित जागा दिली. नावातील आज्ञार्थ आदेशासारखा नाही, बसायला पाट पुढे करावा तसा आहे. याच मंचाने २००८ मध्ये पुरुष संवाद केंद्रही सुरू केले. स्त्रियांच्या जागेत पुरुषांना कशाला, अशी कुरकुर तेव्हा झाली असेलही. मात्र ती दोन केंद्रे वेगळी ठेवली गेली, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

संस्थांच्या आत शिरून जागा करण्याचे प्रयोगही महाराष्ट्रात झाले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. तेथे खाकी गणवेशातील शिपायाऐवजी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसत असे, पण खोली पोलिसांची असल्यामुळे तिच्या शब्दाला वजन येई. दुसरा प्रयोग २००० मधला, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातील ‘दिलासा’ केंद्राचा. मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. यामागची कल्पना फार व्यवहारी आहे. पोलीस ठाण्यात किंवा महिला संस्थेत निघालेल्या बाईला घरात कारण सांगावे लागते. रुग्णालयात जायला कारण लागत नाही. पाठीला लागले आहे, जिन्यावरून पडले, असे सांगून ती येते. आणि जिन्यावरून पडलेल्या बाईच्या दंडावर बोटांचे वळ कसे, हे ओळखायला परिचारिकेला शिकवलेले असते.

महिला पोलीस ठाण्यांचा धडा

तमिळनाडू सरकारने हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडवण्याचा यत्न केला. मुख्यमंत्री जे. जयललिता यांच्या कारकिर्दीत १९९२ मध्ये चेन्नईच्या थाउजंड लाइट्स भागात राज्यातील पहिले सर्व-महिला पोलीस ठाणे सुरू झाले. देशातील पहिले महिला पोलीस ठाणे केरळमध्ये कोळिकोड येथे १९७३ मध्येच निघाले होते, पण हा प्रयोग राज्यभर नेला तो तमिळनाडूने. आज राज्यात अशी दोनशेहून अधिक ठाणी आहेत. कुंभकोणमलाही ‘अनैत्तु मगळिर कावल निलैयम’ अशी पाटी आढळते. तिरुनीलक्कुडीसारख्या गावातील स्त्रीला बसने तेथवर जाता येते.

या ठाण्यांचे श्रेय मोठे आहे. मात्र त्यांच्यावरील मुख्य आक्षेप असा की, तेथे गुन्हा नोंदवण्यापेक्षा समेट घडवण्याकडे कल राहिला. अधिकारी स्त्री असली तरी ‘संसार मोडू नये’ हा तिचाही संस्कार असतो. ‘कट्टप्पंचायत’ म्हणून ज्या बेकायदा तडजोड-बैठकींची तमिळनाडूत निंदा होते, तिचेच सौम्य रूप ठाण्याच्या आवारात दिसू लागले, अशी टीका झाली. हरियाणाने २०१५ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत महिला पोलीस ठाणी काढली, त्यांच्या अभ्यासातून आणखी एक अडचण पुढे आली. नेहमीची ठाणी स्त्रियांच्या तक्रारी हात झटकून तिकडे पाठवू लागली आणि तक्रारदार स्त्रीचा प्रवास वाढला. याउलट मध्य प्रदेशातील १८० नेहमीच्या पोलीस ठाण्यांत केलेल्या प्रयोगात, ठाण्यातच महिला मदत कक्ष ठेवले असता स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढली. कक्ष महिला अधिकाऱ्याच्या हाती असेल तेथे परिणाम अधिक दिसला. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. जागा वेगळी करणे पुरेसे नाही, ती जवळ असावी लागते आणि तेथील वहीत नोंद व्हावी लागते, असा या दोन अभ्यासांचा एकत्रित अर्थ लावता येईल.

जागा सुरक्षित कशाने होते

गावपातळीवर अशी बैठक सुरू करू पाहणाऱ्यांना पहिली अडचण येते ती वेळेची. शेतमजूर स्त्रीला दुपारी उसंत नसते आणि संध्याकाळी बाहेर पडता येत नाही. आठवडी बाजाराचा दिवस बहुधा सोयीचा पडतो, कारण त्या दिवशी घराबाहेर असण्याचा जाब कोणी मागत नाही. जागा रस्त्यावरून दिसणारी नसावी. मात्र इतकी आडबाजूलाही नसावी की तेथे शिरणारीची चर्चा व्हावी. लसीकरण, शिवणवर्ग, रेशनचे अर्ज असे दुसरे एखादे काम तेथे चालत असेल तर ते उपकारकच ठरते.

गोपनीयतेचे वचन देताना त्याची मर्यादा आधीच सांगितली पाहिजे. याबाबत भाबडेपणा घातक ठरतो. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार, ज्याला अत्याचार कळला त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बैठक चालवणाऱ्या स्त्रियाही यातून सुटत नाहीत. ‘येथे सांगितलेले येथेच राहील’ असे म्हणून नंतर पोलिसांत जावे लागले तर त्या मुलीचा विश्वास उडतो, आणि तिच्या पाठोपाठ इतरांचाही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा तर भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हाच आहे.

नोंद ठेवावी का, हा वादाचा विषय आहे. वही घरच्या माणसांच्या हाती लागली तर अनर्थ, आणि नोंद नसेल तर वर्षभराने न्यायालयात सांगण्यासारखे काही नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याने यातून एक मार्ग काढून दिला आहे. नोंदणीकृत सेवा देणारी संस्था किंवा संरक्षण अधिकारी घटनेचा विहित नमुन्यातील अहवाल तयार करू शकतो आणि त्याची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे जाते. पत्नीला राहत्या घरातून काढता येणार नाही, असा आदेश याच कायद्याखाली मिळतो. सुनावणी बंद दालनात घेण्याची तरतूदही त्यात आहे. गावातील बैठकीने निदान जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि ठिकाण माहीत करून ठेवावे. २०१५ पासून जिल्हावार उघडलेली ‘सखी’ केंद्रे आणि १८१ हा मदत क्रमांक यांचाही आधार आहे, परंतु तंजावर जिल्ह्याच्या ठिकाणचे केंद्र कुंभकोणम तालुक्यातील स्त्रीला चाळीस किलोमीटरांवर पडते. बसभाड्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवणारा गट हा पत्रके वाटणाऱ्या गटापेक्षा उपयोगी ठरतो.

जळालेल्या स्त्रियांचा प्रश्न याहून बिकट. स्टोव्हचा भडका उडाला, एवढेच त्या सांगतात. बाजूला सासरची माणसे उभी असतात. चेन्नईत २००१ मध्ये स्थापन झालेल्या ‘पीसीव्हीसी’ या संस्थेने किलपॉक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील जळीत विभागाशी जोडून घेऊन अशा स्त्रियांसाठी काम केले आहे. त्वचेच्या शस्त्रक्रिया लांबत जातात. तेवढ्या काळात रोज येऊन बसणाऱ्या व्यक्तीलाच कधी तरी खरी हकीगत ऐकायला मिळते.

उरतो टिकण्याचा प्रश्न. गुजरातेत बडोदा जिल्ह्यात १९९५ मध्ये महिला समाख्या कार्यक्रमातून ‘नारी अदालत’ सुरू झाली. साध्या, अनेकदा निरक्षर ग्रामीण स्त्रिया तालुका कचेरीच्या आवारात ठरलेल्या दिवशी बसत आणि तक्रारी ऐकत. कचेरीशेजारी बसल्यामुळे त्यांना आपोआपच मान मिळे, आणि तलाठ्याकडून उताराही लगेच काढता येई. ही रीत पुढे अनेक राज्यांनी उचलली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने महिला समाख्या कार्यक्रमाचा निधी थांबवला आणि ठिकठिकाणच्या अदालती एकेक करून मंदावल्या. त्यानंतर केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ योजनेत नारी अदालतीला पुन्हा स्थान मिळाले, आणि २०२३ मध्ये आसाम व जम्मू-काश्मीरमधील प्रत्येकी पन्नास ग्रामपंचायतींत ती प्रायोगिक रीतीने सुरू करण्याचे ठरले. बडोद्याच्या जुन्या अदालतींतील सदस्यांना मिळणारे मानधन अगदी नाममात्र होते. निधी थांबल्यावरही त्यांपैकी काही जणी ठरलेल्या दिवशी कचेरीच्या आवारात येऊन बसत राहिल्या.